बर्लिनच्या फुटपाथवर पितांबरी

गेली दोन वर्षं हे लिहीन लिहीन म्हणतेय आणि राहून जातंय. आज सकाळी देव घासायला घेतले, पितांबरीचं नवीन पाकीट फोडलं आणि तो वास आला तसं पुन्हा आठवलं, म्हटलं आता बसायचंच, नाहीतर पक्ष येईल, मग नवरात्र, मग दिवाळी, आणि माझं घोडं तिथेच अडलेलं.

तर २०२३च्या दिवाळीत मी बर्लिनला होते, लेकाकडे. हे गेल्यापासून इंदूरच्या घरात सणाला मी एकटीच, म्हणून दोघांनी फारच आग्रह केला. बॅगेत अर्थातच दोन किलो शेव, जिरावनची पाकिटं, चकलीची भाजणी आणि सुनेच्या देवघरासाठी (देवघर म्हणजे पुस्तकांच्या शेल्फचा एक कप्पा) पितळेची अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण. आता पितळ नेलं म्हणजे ते घासायलाही काहीतरी नको का, म्हणून पितांबरी. एअरपोर्टवर ती पावडर बघून कोणी अडवलं असतं तर मी त्यांना काय समजावणार होते देव जाणे.

तसं इंदूरकराला बर्लिन अगदीच परकं नाही हं. आपला माणिकबाग राजवाडा बांधला तो आर्किटेक्ट एकार्ट मुथेसियस बर्लिनचाच, यशवंतराव होळकरांनी त्याला बोलावलं तेव्हा पंचविशीतला पोरगा, आणि १९३०-३३च्या सुमारास इथलं फर्निचर तिकडून बनून यायचं. पुढे ते सगळं परदेशात लिलावात गेलं आणि माणिकबागेत टॅक्सचं ऑफिस आलं, ती वेगळी रडकथा. लेकाला हे सांगितलं तर म्हणाला, आई तू कुठेही गेलीस तरी इंदूर काढतेसच.

९ नोव्हेंबरला वसुबारस होती. मी सकाळी रांगोळीची डबी घेऊन फ्लॅटच्या दाराबाहेर बसले, गाय-वासरू काढलं, गोपद्मं काढली आणि कोपऱ्यात स्वस्तिक काढायला घेतलं तर सून आतून जवळजवळ धावतच आली, आई, ते नको हं इथे. मला माहीत नव्हतं असं नाही, पण माहीत असणं वेगळं आणि आपल्या चिमटीतली रांगोळी अर्धवट थांबवावी लागणं वेगळं. जरा रागच आला. म्हटलं आमचं स्वस्तिक हजारो वर्षांचं, त्या मेल्या हिटलरने पळवलं आणि वाकडं केलं त्यात आमचा काय दोष. सून शांतपणे म्हणाली, दोष नाही आई, पण वरच्या मजल्यावरचे आजोबा जिना उतरताना तुम्हाला विचारायला थांबणार नाहीत ना. पुसलं मग. त्या जागी कमळ काढलं, तेही नीट आलं नाही.

हे डोक्यात घेऊनच दुपारी दूध आणायला खाली उतरले. तीन-साडेतीन वाजले असतील पण उजेड संपत आलेला, नोव्हेंबरात तिथे सव्वाचारला सूर्य मावळतो. बिल्डिंगच्या मुख्य दाराबाहेर फुटपाथवर एक म्हातारी बाई, सत्तरीच्या पुढची, गुडघ्याखाली रबराचा तुकडा घेऊन ओणवी बसलेली, बाजूला छोटी बादली, आणि फरशी घासतेय. आधी मला वाटलं हिचं काही सांडलं असेल. जवळ गेले तर ती घासत होती ते पितळ होतं. फुटपाथच्या दगडांमध्ये बसवलेले चार छोटे चौकोन, तळहातात मावतील एवढे, दोन घासून सोन्यासारखे झालेले आणि दोन अजून काळपट, चॉकलेटी.

आणि त्या काळपटपैकी एकावर माझा बूट होता.

दहा दिवस मी त्या दारातून ये-जा करत होते आणि मला ते दिसलेच नव्हते. आता दिसलं की त्यावर अक्षरं आहेत, नाव आहे. पाय असा झटकन मागे घेतला आणि हात आपोआप खाली गेला, दगडाला लावून छातीला लावला, आपण पुस्तकाला पाय लागला की करतो तसं. त्या बाईने वर बघितलं. तिला वाटलं असावं मला चक्कर आली, कारण तिने पहिल्यांदा माझा दंडच धरला.

मग थोडं तिचं मोडकं इंग्लिश, थोडं माझं बँकेतलं इंग्लिश, आणि नंतर ऑफिसातून आलेली सून, असं करत करत सगळं कळलं.

नाझींनी नेलेल्या, मारलेल्या माणसांच्या नावाचे हे दगड, ती राहत होती त्या घराच्या दारातच बसवलेले. त्यांना जर्मनमध्ये श्टोल्परश्टाइन म्हणतात, म्हणजे ठेच लागायचा दगड. खरं तर ठेच लागत नाही, ते फरशीच्या पातळीतच बसवलेले असतात. तिकडे पूर्वी कोणाला ठेच लागली की म्हणायचे, इथे ज्यू पुरलेला दिसतोय. ते घाणेरडं बोलणं उचलूनच हे नाव ठेवलंय असं म्हणतात. आपल्याकडे पुढच्यास ठेच मागचा शहाणा. तिथे ठेच लागायला ऐंशी वर्षं मागचे लोक आणि शहाणं व्हायचं आताच्यांनी, पण एकदा मनात आल्यावर ती म्हण काही डोक्यातून जाईना.

आता त्या चार दगडांवर काय होतं ते सांगते. नावं इथे देत नाही, कारण नाव गुगल केलं की पत्ता येतो आणि पत्ता म्हणजे माझ्या लेकाचं घर, तो मला फाडून खाईल. पहिली ओळ सगळ्यांवर सारखी, हिअर वोन्टे. इथे राहत होते. (मराठीत लिहायचं तर आधी ठरवावं लागलं असतं, राहत होता, होती की होत्या, त्यांना त्या एका शब्दात सगळं भागतं.) मग नाव. मग जन्मसाल. मग काय झालं ते, दोन-तीन ओळींत, पोस्टाच्या तारेसारखं.

आजी, जन्म १८७३, १९४२मध्ये थेरेझिनश्टाटच्या छावणीत नेलं, त्याच वर्षी ट्रेब्लिंकात मारलं. आजोबा तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठे, त्यांच्या दगडावर छावणीचं नाव नाही, तिथे लिहिलंय फ्लुख्ट इन डेन टोड. सुनेने हे दोनदा वाचलं आणि मग सांगितलं, मृत्यूकडे पळून गेले. म्हणजे न्यायला येणार हे कळल्यावर स्वतःच. अशा दगडांवर असं लिहितात, नुसतं आत्महत्या लिहीत नाहीत, कारण ती काय त्यांच्या मनची होती का. तिसरा दगड मुलीचा, जन्म १९०१, आउशविट्झ १९४३. आणि चौथा नातवाचा, १९२९चा, १९३९मध्ये इंग्लंड, आणि शेवटचा शब्द युबरलेब्ट. वाचला.

मी विचारलं, वाचला तर त्याचा दगड इथे कशाला? तर पद्धत अशी की घरातली माणसं तोडली गेली ना, मग दगड तरी एकत्र ठेवायचे. १९३८च्या ९ नोव्हेंबरच्या रात्री संपूर्ण जर्मनीत ज्यूंची दुकानं फोडली, सिनेगॉग म्हणजे त्यांची प्रार्थनामंदिरं जाळली, ३०,०००च्या आसपास पुरुषांना पकडून छावण्यांत टाकलं, आणि त्यानंतर मुलांना तरी वाचवावं म्हणून ब्रिटनला रेल्वेने पाठवलं, साधारण १०,००० मुलं, एकटी, आईबापाशिवाय. त्यातला हा एक, दहा वर्षांचा. कित्येकांना नंतर आईवडील दिसलेच नाहीत, यालाही नाही. आणि म्हणूनच ९ नोव्हेंबरला लोक आपापल्या दारासमोरचे दगड घासतात. माझी वसुबारस आणि त्यांचा हा दिवस एकत्र आला होता हे मला तेव्हा कळलं, बादलीशेजारी उभी असताना.

हे सुरू केलं गुंटर डेमनिग नावाच्या कलाकाराने, जन्म १९४७चा. त्याची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे सुरुवात कशी झाली ती. १९४०मध्ये कोलोन शहरातून हजारेक सिंती आणि रोमा लोकांना, ज्यांना जिप्सी म्हणायचे, उचलून नेलं होतं. १९९०मध्ये या माणसाने त्यांना नेलं त्या वाटेवर रंगाची रेघ ओढली, शहरभर. तर एक म्हातारी बाई त्याला म्हणाली, अहो आमच्या भागात कधी जिप्सी राहतच नव्हते. खोटं बोलत नव्हती बिचारी, तिला खरंच माहीत नव्हतं की ते तिचे शेजारी होते. तिथून याच्या डोक्यात आलं की मोठी स्मारकं बांधून उपयोग नाही, दारात जाऊन सांगायला हवं, हा इथे, या घरात राहत होता. १६ डिसेंबर १९९२ला त्याने कोलोनच्या टाउन हॉलसमोर पहिला दगड बसवला, त्यावर नाव नव्हतं, हिटलरचा पोलीसप्रमुख हिमलर याचा त्या लोकांना आउशविट्झला पाठवण्याचा हुकूम होता, बरोब्बर पन्नास वर्षांपूर्वीचा. बर्लिनमध्ये १९९६मध्ये क्रॉइत्झबर्गला त्याने परवानगी न घेताच पन्नासेक दगड बसवून टाकले, परवानगी मागाहून मिळाली. (हे वाचून आमच्या गल्लीतल्या रातोरात उभ्या राहणाऱ्या ओट्यांची आठवण आली, पण तो विषय नको.) मे २०२३मध्ये न्यूरेम्बर्गला १,००,०००वा दगड बसला. तीसेक देशांत आहेत आता, बहुतेक ज्यूंचे, पण रोमा, अपंग, समलिंगी, सरकारविरुद्ध बोललेले, सगळ्यांचे.

आणि अक्षरं मशीनने नाही काढत. हे मला त्या बाईने सांगायच्या आधीच कळलं होतं, कारण ती अक्षरं मला ओळखीची वाटली. आपण नाही का भांड्यांवर नाव घालून घेतो? बर्तन बाजारात भांडं घेतलं की दुकानदार विचारायचा, नाव घालायचं का, आणि मग तो पोऱ्या मांडी घालून बसायचा, टक टक टक टक, सौ. अमुक यांजकडून चि. तमुक याच्या मुंजीप्रीत्यर्थ. ओळ थोडी वर जायची, शेवटचं अक्षर जागा न उरल्यामुळे बारीक यायचं. तस्संच. ठोकून काढलेलं, एकेक अक्षर हाताने, ओळ किंचित तिरकी. बर्लिनमध्ये मायकल फ्रीडरिक्स-फ्रीडलेंडर म्हणून एक शिल्पकार २००५पासून हेच काम करतोय, हातोडी आणि अक्षरांचे ठसे. मशीनने भराभर का नाही करत तर डेमनिगचं म्हणणं असं की मारलं होतं कारखान्यासारखं, आठवण तरी तशी करायची नाही. म्हणून दगडासाठी नंबर लावून थांबावं लागतं, आणि खर्च, तेव्हा १२० युरोच्या आसपास होता, कोणीतरी एक माणूस, शाळेचा वर्ग किंवा बिल्डिंगवाले मिळून उचलतात.

तर त्या बाईची पॉलिश. ट्यूबमधलं काहीतरी होतं, रॉकेलसारखा वास, आणि ती बिचारी घासतेय घासतेय आणि तिसरा दगड काही उजळत नाही. पितळ म्हटल्यावर मला राहवेना. चाळीस वर्षं दर अमावास्येला समया घासल्यात मी. वर गेले, पितांबरी आणि अर्धं लिंबू आणि जुन्या सुती पंच्याचं फडकं घेऊन आले. तिने पाकीट हातात घेऊन उलटसुलट बघितलं, वास घेतला, मग दगडाच्या एका कोपऱ्यात नखाएवढं लावायला दिलं, चरे पडतात का बघायला. बरोबरच आहे, तारेची घासणी त्यावर अजिबात चालत नाही म्हणे. चरे नाही पडले. मग मी पण तो रबराचा तुकडा अर्धा घेऊन तिच्याशेजारी बसले, गुडघे कुरकुरत होते, आणि मुलीचा दगड घासायला घेतला. काळं पाणी निघालं आधी, मग हिरवट, मग एकदम तो रंग आला. जन्मसालातला शून्य सगळ्यात शेवटी स्वच्छ झाला, त्यात माती घट्ट बसली होती, ती काडीने काढली.

तिने मेणबत्त्या लावल्या, एक पांढरा गुलाब ठेवला. मी विचारलं पणती ठेवली तर चालेल का. ठेव म्हणाली. वारा इतका की तीनदा विझली, शेवटी तिने लोणच्याची रिकामी काचेची बरणी आणून दिली, त्यात ठेवली.

आता ते पाय लागण्याचं. माझ्या मनातून ते जाईना, की नाव आणि तेही मारल्या गेलेल्या माणसाचं, लोकांच्या बुटाखाली? कुत्री फिरतात, सायकली जातात. नंतर कळलं की ही शंका फक्त मलाच नाही आली. म्युनिकमध्ये तर २००४पासून सार्वजनिक फुटपाथवर हे दगड बसवायला बंदीच आहे, आणि विरोध करणाऱ्यांत सगळ्यात पुढे होत्या शार्लोट क्नोब्लोख, तिथल्या ज्यू समाजाच्या अध्यक्ष, ज्या स्वतः लहानपणी एका खेड्यातल्या शेतकऱ्याच्या घरी लपून वाचल्या. त्यांचं म्हणणं, त्या लोकांना एकदा तुडवलंय, आता नावं पण तुडवायची का. यावर काय बोलणार. म्युनिकने मग २०१८पासून भिंतीवर पाट्या आणि दारापाशी खांब असा मार्ग काढला.

मी त्या रात्री झोप येईना म्हणून यावरच विचार करत होते आणि आठवली ती पंढरपूरची नामदेव पायरी. नामदेव महाराजांनी मागून घेतलंच होतं की, मला पायरीचा दगड होऊ दे, येणाऱ्या-जाणाऱ्या संतांची पायधूळ माझ्यावर पडू दे. आणि वारकरी तिथे काय करतो, तर वाकतो. बर्लिनच्या दगडाचंही तसंच, नाव वाचायचं तर मान खाली घालावीच लागते, कमरेत वाकावंच लागतं, आणि डेमनिग म्हणतो पायांनीच पितळ घासलं जातं. मला हे इतकं पटलं की सकाळी उठल्या उठल्या सुनेला सांगितलं. ती कॉफी ढवळत म्हणाली, पण आई, नामदेवांनी मागितलं होतं. यांना कोणी विचारलं?

बरोबर आहे तिचं. मी अजून मधेच लटकलेय. मला विचाराल तर ते दगड असावेत, आणि मी त्यावर पाय देणार नाही, आणि या दोन्हीत काही जमत नाही हे मला कळतंय.

नंतरच्या आठवड्यात त्या बाईने चहाला बोलावलं (चहा म्हणजे रंगीत पाणी, असो). तिनेच बिल्डिंगमधल्या तिघांना घेऊन या कुटुंबाची माहिती काढली होती. पोट्सडामच्या सरकारी दप्तरखान्यातून तिने एका फॉर्मची झेरॉक्स आणली होती. नेण्याच्या आधी प्रत्येक ज्यू माणसाला आपल्या मालमत्तेचा फॉर्म भरून द्यावा लागे, सोळा पानी. मी छत्तीस वर्षं बँकेत काढलीत, आयुष्यभर लोकांचे फॉर्म तपासलेत, त्यामुळे कागद हातात घेतल्यावर आधी नजर गेली ती रकान्यांवर. फार नीट फॉर्म होता हो. छापील यादी, समोर नग आणि किंमत. पलंग किती, गाद्या किती, पडदे, टेबलक्लॉथ, चमचे, बूट. आजीने स्वतःच्या हाताने भरलेला, एकोणसत्तराव्या वर्षी, नवरा नुकताच गेलेला. अक्षर सुंदर, तिरकं. चमचे ६. स्वयंपाकघराच्या यादीत एके ठिकाणी सून थबकली, मग म्हणाली, खलबत्ता. पितळी. नग १. तिच्यामागून सरकारी माणूस येऊन घरातल्या वस्तूंची किंमत ठरवून गेला, मग ते सामान विकलं गेलं. घेणारे कोण? आसपासचेच.

सही करताना तिने मधलं नाव सारा लिहिलं होतं. ते तिचं नव्हतं. १९३९च्या जानेवारीपासून सगळ्या ज्यू बायकांनी नावात सारा आणि पुरुषांनी इस्राएल घालायचं असा कायदाच होता. तिच्या दगडावर ते सारा नाहीये. तिथे आहे तिचं नाव, आणि खाली गेब. आणि मग दुसरं आडनाव. गेब. म्हणजे काय विचारलं तर सून म्हणाली, माहेरचं.

दगड घासले त्या दिवशी मी ते वाचलं होतं, पण काही नंबर असेल असं वाटलं होतं.

आम्ही लहान असताना ज्यू म्हणजे आमच्यासाठी कोण, तर ठाण्याच्या मावशीच्या शेजारचे. बेने इस्रायली, आडनाव गावावरून आपल्यासारखंच कर लावलेलं, आजी नऊवारीत, मराठी आमच्यापेक्षा शुद्ध, कारण आमच्या मराठीत इंदूरची हिंदी मिसळलेली. कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून. त्यांना कोणी कधी त्रास दिला नाही असं मावशी अभिमानाने सांगायची. ज्यू या शब्दाला असं सगळं घरगुती चिकटलेलं, त्यामुळे युरोपातलं पुस्तकात वाचलं तरी ते पुस्तकातलंच राहिलं होतं.

लेकाच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर अजून एक प्रकार आहे. शोनेबर्गमधल्या बव्हेरियन भागात रस्त्यावरच्या विजेच्या खांबांवर १९९३मध्ये ८० पाट्या लावल्यात, रेनाटा श्टी आणि फ्रीडर श्नॉक या दोघांनी. एका बाजूला साधं चित्र, बालवाडीच्या तक्त्यासारखं, आणि दुसऱ्या बाजूला नाझींचा कायदा, तारखेसकट. पावाचं चित्र, मागे लिहिलंय बर्लिनच्या ज्यूंनी फक्त दुपारी चार ते पाच या वेळात खाण्याच्या वस्तू घ्यायच्या, जुलै १९४०. मांजराचं चित्र, मागे ज्यूंना यापुढे पाळीव प्राणी ठेवता येणार नाहीत, फेब्रुवारी १९४२. पिवळ्या बाकांचा आहे, की या चौकात ज्यूंनी त्यावरच बसायचं. पाट्या लागल्या तेव्हा लोकांनी घाबरून तक्रारी केल्या होत्या, त्यांना वाटलं हे खरंच कोणी नाझी लावून गेलं. मला मांजराची पाटी सोडवेना. माणसं मारायच्या आधी कोणीतरी टेबलाशी बसून मांजराचा विचार केला, मसुदा लिहिला, वरून मंजुरी घेतली, सर्क्युलर काढलं. सर्क्युलर कसं निघतं मला चांगलं ठाऊक आहे.

ग्रूनेवाल्ड स्टेशनला पण जाऊन आलो, प्लॅटफॉर्म १७. तिथे रुळांच्या कडेने लोखंडाच्या १८६ पट्ट्या टाकल्यात, प्रत्येक गाडीची एक, तारीख, किती ज्यू, कुठून कुठे. पहिली १८ ऑक्टोबर १९४१, शेवटची मार्च १९४५मधली, म्हणजे युद्ध हरत आलेलं दिसत असतानाही. काहींवर आकडा हजाराच्या वर, काहींवर ५०, १००. ते लहान आकडे म्हाताऱ्यांचे, थेरेझिनश्टाटचे. त्यांना तर बरेचदा गावातल्या स्टेशनवरून, नेहमीच्या टाइमटेबलच्या गाडीला डबा जोडून नेत. पुढच्या डब्यात लोक सुट्टीला निघालेले असतील. तिथे फार थांबलो नाही, सुनेला रडू यायला लागलं आणि थंडी पण होती.

त्या दिवसांत गाझाचं युद्ध नुकतंच सुरू झालं होतं, त्याआधी हमासचा हल्ला. सिनेगॉगबाहेर पोलीस उभे असायचे, आणि शहरात काही घरांच्या दारांवर कोणीतरी सहाकोनी तारा रंगवून ठेवल्याच्या बातम्या येत होत्या. त्या बाईला मी विचारलं की भीती नाही वाटत, दगड कोणी उखडून नेले तर? म्हणाली नेलेत की. २०१७मध्ये नॉयकोल्न भागातले १६ दगड ९ नोव्हेंबरच्या आधी रातोरात खणून नेले होते. लोकांनी पैसे गोळा केले आणि परत बसवले. एवढंच सांगितलं, आणि केक पुढे केला.

इंदूरला परत आल्यावर रामबागेतल्या जुन्या घरी गेले. तिथे आता चुलतभाऊ राहतो. रस्ता रुंदीकरणात पुढचा ओटा आणि दोन पायऱ्या गेल्या, घर नाक कापल्यासारखं दिसतं, पण दारावरचा दगड वाचला, त्यावर पणजोबांचं नाव आणि संवत कोरलेलं आहे. बघत उभी राहिले आणि मनात आलं, पणजीचं नाव काय होतं?

आता कोणी म्हणेल कुठलं कुठे नेतेय. नाही, तुलना नाहीच. माझी पणजी आपल्या घरात म्हातारी होऊन गेली, तिला कोणी गाडीत घातलं नाही. पण त्या बर्लिनच्या आजीचं माहेरचं नाव मला पाठ आहे, आणि ते टिकलं त्याचं एक कारण म्हणजे मारणाऱ्यांनी ते रजिस्टरमध्ये लिहून ठेवलं होतं, हे जेव्हा जेव्हा आठवतं तेव्हा अंगावर काटा येतो. आणि इथे प्रेमाच्या माणसांनी काहीच लिहून ठेवलं नाही. आमच्या घराण्याची वंशावळ छापलेली आहे, नऊ पिढ्या, सगळे पुरुष. पक्षाला भाऊ तर्पण करतो, पणजीच्या जागी गुरुजी काहीतरी पुटपुटतात आणि तोही तेच म्हणतो.

आत्याला फोन केला, ग्वाल्हेरला. एक्क्याण्णव वर्षांची आहे, ऐकू कमी येतं, पण जुनं सगळं लख्ख. म्हटलं आत्या, पणजीचं नाव काय गं?

माई.

माई नाही गं, खरं नाव. माहेरचं.

बराच वेळ काही बोलली नाही, मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली, अगं होतं की, परातीवर होतं. माहेरून आलेली पितळेची मोठी परात होती, दोन माणसं लागायची उचलायला, तिच्या काठावर घातलेलं होतं नाव, माहेरच्या आडनावासकट. आम्ही पोरी त्यावर बोट फिरवायचो.

मग कुठाय ती?

मोडीत दिली ना. तुझ्या आईनेच दिली, लग्न होऊन आली त्याच्या पुढच्या वर्षी, स्टीलची फॅशन आली होती तेव्हा. तिच्यात ते तांदळाचं पिंप आलं बघ.

पिंप माझ्याकडेच आहे, स्वयंपाकघरात, ओट्याखाली. त्यावर नाव घातलेलं आहे, बाबांचं.